पेटीला वारा लागू नये म्हणून

नोवी साद, ३ ऑक्टोबर

ती. ग्वोझ्देनमामास,
विश्न्याचा सा. न. वि. वि.

फोनवर ओरडलं की अख्खं पिरोत ऐकतं, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. गेम बनवणाऱ्या एका कंपनीने परीक्षा म्हणून काम दिलंय: जंगलातली चेटकीण, हलतीचालती, वीस तारखेपर्यंत. जमलं तर नोकरी. नाहीतर फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या न्हाणीघरांची चित्रं काढत बसायचं आहेच. जुना कॉम्प्युटर चेटकिणीचे केस उघडतानाच मान टाकतो. चित्रंही निघतील आणि गेमही सुसाट चालेल असा नवा घ्यायचाय. त्याची बाहेरची पेटी मला काचेची, रंगीत दिव्यांची आवडलीय. हसू नका. चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलीत, सांगा काय घेऊ. आईचा आयवार, भाजल्या मिरच्यांची वर्षभराची चटणी, घालून झालाय, तुमच्या चार बरण्या वेगळ्या ठेवल्यात.

तुमची भाची,
विश्न्या

पिरोत, ५ ऑक्टोबर

चि. विश्न्यास मामाचे आशीर्वाद.

काचेची घेणार असशील तर माझं नाव कुठे सांगू नकोस. नवरीसारखी नटते आणि आतून उकडून मरते. पुढून जाळीची घे, तीन पंख्यांची. पैसा ग्राफिक्स कार्डात घाल. त्याची स्वतःची मेमरी भरपूर हवी, चेटकिणीचे केस तिथेच मावतात. स्क्रीन खरे रंग दाखवणारा, नाहीतर तुझी हिरवी चेटकीण त्यांच्याकडे निळी पोचायची. पॉवर सप्लायमध्ये काटकसर केलीस तर कान उपटीन.

बरण्या पाच ठेव.

मामा

नोवी साद, १४ ऑक्टोबर

मामा, आज नमस्कारसुद्धा घालवत नाही.

तुमच्या सल्ल्याची पेटी तीन दिवस छान पळाली. आता चेटकीण हलवायला घेतली की दहा मिनिटांत पंखे बोंबलतात आणि सगळं बंद! सहा दिवस उरलेत हो. आई सारखी खोलीत येऊन धीर देते, कॉफी ठेवते, पण मला रडूच येतंय. उलट टपाली कळवा.

विश्न्या

पिरोत, १६ ऑक्टोबर

चि. विश्न्यास,

आई सारखी खोलीत येते, हे वाचलं आणि कपाळाला हात लावला. अगं, भर जुलैत बसची खिडकी उघडली म्हणून अख्ख्या बसशी भांडलेली माझी बहीण ती! वाऱ्याचा झोत लागला की माणूस गेलाच, असं तिचं मत. पुढचे पंखे हवा आत ओढतात, हे तिला कोण सांगणार? वाक आणि पेटीचं तोंड बघ.

मामा

नोवी साद, ३० ऑक्टोबर

ती. दादास,
कोसाराचा नमस्कार.

केलीस ना चहाडी? हो, मीच घातलं. तीन पंखे थेट पोरीच्या पायांवर, तिथून गारठा कंबरेत! मी काय बघत बसू? दुहेरी लोकरीचं झाकण विणलं. आमच्याकडे टीव्हीपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांवर विणकाम, म्हणून तिला वेगळं काही वाटलंच नाही. तुझं पत्र येताच तिने झाकण ओढून काढलं, माझ्यावर ओरडली, आणि मग त्या विणीकडे बघतच राहिली. दोन दिवस पाठ टेकली नाही. चेटकिणीच्या खांद्यावर त्याच विणीची शाल, टाक्याला टाका! कंपनीवाल्यांनी आधी शालीबद्दलच विचारलं म्हणे. नोकरी लागली, दादा. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

काल ऑफिस बघून आले. एका खोलीत बारा पेट्या, छत्तीस पंखे. म्हणे हवा आत ओढतात. पंखा तो पंखाच! पेट्यांना हात लावायचा नाही, अशी विश्न्याने शपथ घातलीय. नाही लावणार. बारा कंबरपट्टे विणायला घेतलेत. तिकडची जाड लोकर पाठव. राखाडी नको, तरुण पोरं आहेत.

माया असू दे, आणि खिडकी लावून झोप.

तुझी कोसारा