धवलारणीचा गळा

१२ जानेवारी, सोमवार
आज पुन्हा कप सुटला हातातून. बोटांना काही कळतच नाही. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं — मानेतली चकती सरकून मज्जारज्जूवर दाबतेय. ऑपरेशन नाही केलं तर हात जातील, मग पाय. आणि ऑपरेशन मागून नाही, पुढून. गळ्यातून!
आवाजाची शीर तिथूनच जाते म्हणे. "सहसा जपली जाते. काहींचा आवाज बसतो, बहुतेकांचा परत येतो." सहसा! बहुतेकांचा! मी त्या उरलेल्यांत निघाले तर?

१३ जानेवारी
धवलारणीचा आवाज गेला तर उरतं काय? भटजींकडे निदान पोथी असते. मी लग्न लावते ते गाऊनच, आणि सगळे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, तोंडपाठ. सासूबाईंनी एकेका मांडवात बसवून शिकवलेले.
लेक रविना म्हणाली, "आई, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवू ना." सासूबाई उसळल्याच. "मांडव नसताना धवला नाय बोलाचा! अपशकुन हाय." लेकीने मोबाइल ठेवून दिला.

१५ जानेवारी
नर्सने विचारलं, "आधी कुठलं ऑपरेशन?" मी म्हटलं, नाही.
खोटं! थायरॉइडची गाठ काढलीय माझी. तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, "सुरी लागलेल्या गल्याची धवलारीन कोन बोलवील?" तेव्हापासून व्रणावर ठुशी. आता तर वरून मानेचा पट्टाही. कुणाला दिसणार?
नर्स शेजारच्या चामटोली गावची. तिच्या भावाच्या हळदीला मीच गायले होते. तिला कळलं की पंचक्रोशीला कळलंच. पण डॉक्टरांना कळलं नाही तर?

१६ जानेवारी
सांगायचं ठरवलं होतं. डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले, धीर सुटला.

१७ जानेवारी, शनिवार
बोटांत पेन ठरत नाही, तरी लिहितेच.
डॉक्टर म्हणाले, मंगळवारी करू, उजव्या बाजूने. सासूबाई शेजारी बसलेल्या. एकदम उठल्या, माझा पट्टा सोडला, ठुशी वर सरकवली. "बगा डाक्तर. हिचा गला आदी कापलेला हाय. मीच लपवाला सांगलेला." नर्स बघतेय, मी मान खाली.
डॉक्टर चिडले नाहीत. लगेच घशाच्या डॉक्टरांकडे धाडलं. नाकातून बारीक कॅमेरा. "ई म्हणा." म्हटलं. पडद्यावर आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या. उजवी हलत होती. डावी ढिम्म! गाठ काढताना तिची शीर दुखावली होती म्हणे.
म्हणजे इतकी वर्षं मी एकाच पट्टीवर गातेय. वरचा सूर लागत नाही तो वयामुळे, अशी समजूत! उजवीकडून जाताना चांगली शीरही दुखावली असती तर आवाज तर गेलाच असता, श्वासही अडकला असता म्हणे. आता डावीकडून जाणार. जिथे बिघडायचं ते आधीच बिघडलंय.
नर्सने पट्टा परत बांधून दिला. तिच्या न बोलण्याचीही भीती वाटतेय.

१९ जानेवारी
उद्या. भूल दिल्यावर श्वासासाठी घशात घालतात त्या नळीला तारा असतील. शीर दुखावू लागली की यंत्र बोंबलेल. मी गप्प पडलेली, आणि माझ्या वतीने यंत्र!
नवऱ्याला, हरेशला म्हटलं, आवाज गेला तर टाकशील का मला? "वेडीयेस का," म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.
भीती वाटते. खूप.

२२ जानेवारी
आवाज आहे! घोगरा, पण माझाच. शुद्धीवर आल्यावर "पाणी" म्हटलं तर हरेश रडायलाच लागला.
आज रविनाने हळूच सांगितलं. मी आत असताना आजीने तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मांडवाचा धवला पाठ करून घेतला. मांडव नसताना! म्हणजे त्यांनी माझा आवाज गेलाच असं धरलं होतं.
म्हटलं, म्हणून दाखव. दुसऱ्याच ओळीला घसरली. डॉक्टरांनी गायची सक्त मनाई केलीय. तरी ती ओळ मी तिला गाऊन दाखवली.