आईची अंगठी

फिद्दाताई, तुझ्या दोन्ही हातांचे मुके.

अम्मानात आम्ही सगळे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? हसू नकोस, पण तुझी अडाणी बहीण मास्तरीण झालीय. परदेशी मदतवाल्यांच्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा डॉक्टर-इंजिनियरांना अरबी बोलायला शिकवते. सगळे उठून उभे राहतात गं माझ्यासाठी.

पण ताई, रागावू नकोस. परवा इंजिनियर मार्गिट म्हणाली, "बाई, तुमची अंगठी किती सुंदर." मी सवयीने म्हटलं, "घे, तुझीच आहे." आपल्यात कुणी खरंच घेतं का? तिने घेतली, बोटात घातली, वर माझे गाल चुंबले.

आईची अंगठी, तुझ्या नातीच्या लग्नासाठी जपलेली. परत मागावी तर आपल्या घराची लाज जाते. तेव्हापासून बोट रिकामंच आहे. सून टोमणा मारते, "मास्तरीणबाई, अंगठी विकून खडू आणले का?" मी म्हणते, बोट सुजलंय.

उद्या मी हाच धडा घेणार. यजमान "घ्या" म्हणाला की पाहुण्याने म्हणायचं, "नको, तुम्हालाच शोभते." सगळ्यांकडून म्हणवून घेईन, मार्गिटकडून शेवटी. ती वाक्य म्हणेल छान, पण म्हणताना अंगठी काढली नाही तर तुला काय तोंड दाखवू?

दुवा माग.

तुझी भेदरलेली धाकटी,
वदहा