हजेरीतला ॲम्ब्रोज

हेझन कॉर्नर, व्हर्माँट
२० जानेवारी १८६३

चि. ॲम्ब्रोज यास लविनाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आई खूश आहे, मी नाही. जन्मात तू कधी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली नाहीस. आता दर पत्रात करतोस. मोजे टोचतात म्हणून कुत्र्याच्या पायात घालणारा तू, आणि लिहितोस की इतके मऊ मोजे कुणी कधी दिले नव्हते! अक्षरही कसं मोत्यासारखं. फौजेत ढोल बडवून कुणाचं अक्षर सुधारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

खरं सांग, पत्रं कोण लिहून देतं? हात शाबूत आहेत ना? वय वाढवून सांगून भरती व्हायला पळालास, त्या पहाटे स्वयंपाकघरात काय सांडून गेलास ते उलटटपाली कळव. चुकलास तर थेट कॅप्टनला लिहीन.

जिवाला जप. आई पापा पाठवते, मी डोळे वटारते.

तुझी ताई

फॅल्मथची छावणी, व्हर्जिनिया
२ फेब्रुवारी

ती. लविनाताईस सा. न.

वि. वि. हात शाबूत आहेत. अक्षराचं म्हणशील तर इथे सार्जंट छडी घेऊन बसतो. काय सांडलं ते आठवत नाही. डिसेंबरच्या लढाईनंतर पुष्कळ काही आठवत नाही. त्या धुरात कॅप्टनचा हुकूम कुणाला ऐकू जात नव्हता. पुढे व्हा, मागे फिरा, सगळं आम्हा पोरांच्या ढोलावर. मग ढोल खाली ठेवायचे आणि जखमी उचलायचे. आमच्या तुकडीत मला ओळखणारे बहुतेक जण त्या लढाईतच पडले. कॅप्टनसुद्धा नवा आहे, त्याला कृपा करून लिहू नकोस.

इथे पत्रं फोडून वाचतात असा मला संशय आहे. तू इतके प्रश्न का विचारतेस? आईंच्या गुडघ्यांना गरम मिठाचा शेक द्या.

राग धरू नये, पत्र मात्र बंद करू नये.

ॲम्ब्रोज

हेझन कॉर्नर
२१ फेब्रुवारी

हे पत्र वाचणाऱ्यास,

आईला मानाने ‘आईंच्या’ असं लिहिणारा आमच्या घरात कुणी नाही. तुला कोणत्या नावाने हाक मारू?

ॲम्ब्रोज रविवारी घरी आला. हाडांचा सापळा. दार वाजलं की पलंगाखाली शिरतो. आधी माझी खात्री होती की त्याला मारून तू त्याचं नाव घेतलंस. तो रडत म्हणाला, की ढोल त्यानेच तुझ्या हातात कोंबला. तू म्हणे बाजूच्या पलटणीतला भटारखान्याचा पोऱ्या. तू त्याला पळ म्हणालास आणि हजेरीला आमचं आडनाव ‘पेकहॅम’ पुकारलं तेव्हा ओ दिलीस.

फरारी शोधणारा शिपाई गावात दोनदा येऊन गेला. आमच्या दाराशी थांबला नाही, कारण तिकडे तू ओ देतोस. मला हायसं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. आईला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, की माझ्या गुडघ्यांची चौकशी करणाऱ्या पोराला आई नाही का?

हे पत्र टपालाने पाठवत नाही. शेजारचे टारबेलकाका आपल्या जखमी मुलाला आणायला तिकडे येताहेत, त्यांच्या हाती देते. सोबत पाद्रीबाबांनी दिलेला ॲम्ब्रोजच्या वयाचा दाखला आणि आईचा अर्ज आहे. ॲम्ब्रोज तेरा वर्षांचा. तूच ॲम्ब्रोज म्हणून हे कागद पुढे कर, सैन्याला सोडावंच लागेल. म्हणजे तू सुटशील आणि तोही. मग इकडेच ये.

लोभ आहे की नाही, ते तुला पाहिल्यावर ठरवीन.

लविना पेकहॅम

फॅल्मथ
९ मार्च

ती. लविनाताईंस सा. न.

दाखला चार दिवस बुटात दडवून ठेवला. वाटलं, सापळा आहे. मी कागद पुढे करायचा आणि तोतया म्हणून गोळ्या खायला भिंतीपाशी उभं राहायचं. फुकट घर कुणी देतं का, म्हणून सगळे हसले असते. टारबेलकाकांना तीनदा विचारलं, तुमच्या दारात कोण उभं असेल. तिसऱ्यांदा ते वैतागून म्हणाले, की म्हातारीने तुझ्यासाठी गादी भरायला घेतली आहे, आता माझं डोकं खाऊ नकोस.

मग कॅप्टनकडे गेलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी पंधरा वर्षांचा. पण उपासमारीने उंची वाढली नाही, ती पहिल्यांदाच कामी आली. वडिलांचं नाव विचारलं, गाईचं विचारलं, सगळी उत्तरं तुमच्या पत्रांतून दिली. तो म्हणाला, की माझा यावर काडीचा विश्वास नाही. आणि सही केली.

सार्जंट म्हणाला, की ढोल आता स्वयंपाक्याच्या पोराला देऊ. ते नऊ वर्षांचं आहे. आज सकाळी मी चाकूने ढोलाची दोन्ही कातडी फाडून टाकली. नवी यायला महिना लागतो म्हणे. तेवढंच माझ्या हातात होतं.

उद्या टारबेलकाकांच्या गाडीतून निघतो. ॲम्ब्रोजला पलंगाखालून बाहेर यायला सांगा. खाली माझं नाव लिहितो आहे. पत्राखाली ते लिहायची वेळ आजवर आली नव्हती, कारण लिहिणार कुणाला?

सायलस ड्रू