उजवं फूल

एर्लांगेन, जर्मनी, १२ ऑक्टोबर २००५

ती. कुसुमअक्कास धाकट्या प्रतापचा नमस्कार.

मागच्या महिन्यात एका सकाळी पूजा उरकून मी कामावर गेलो आणि आमच्या नव्या यंत्रात आडवा झालो. डोक्याचे आतले फोटो काढणारं यंत्र. विकण्याआधी आम्ही ते एकमेकांवरच तपासतो. काचेपलीकडचा युर्गन नेहमी चेष्टा करतो, "प्रताप, मेंदू घरी विसरलास का?" त्या दिवशी त्याने तेच फोटो पुन्हा दोनदा काढले. नंतर एवढंच म्हणाला, "डॉक्टरला दाखव. आजच."

गाव छान आहे, आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. विद्यापीठ उघडलंय, रस्ताभर विशीतली मुलं सायकलवर. म्हातारं माणूस दिसलं तर बहुधा हॉस्पिटलकडे निघालेलं असतं.

तुझे गुडघे कसे आहेत? मला जेवण जातं, झोपही लागते. फक्त फूल वाहताना हात जरा थरथरतो.

डोक्यात गाठ निघाली; डॉक्टर ऑपरेशन म्हणाले. तीन आठवडे मी देवाला उजवीकडे-डावीकडे एकेक फूल लावून कौल मागितला. उजवं पडलं तर करायचं. रोज डावंच पडलं.

तिकडे घरी यमुनेला आणि मुलांना अजून सांगितलेलं नाही. तू जवळ आहेस, तूच जाऊन सांग.

काल फुलं न लावताच हॉस्पिटलात गेलो आणि सही केली. सोमवारी सकाळी आठला ऑपरेशन आहे.

तुझा,
प्रताप