अठरा मशिनींच्या घंट्या

अण्णा,

हे हाताने लिहिते आहे आणि डावीकडे समास सोडलेला नाही. तुम्ही असतात तर कागद नुसता उचलून बघितला असतात, न वाचताच परत दिला असतात आणि म्हणाला असतात, "पुन्हा काढ." पुन्हा काढणार नाही. चोपन्न वर्षांची झाले, आता मला कोणी पुन्हा काढायला लावत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नव्हतं. आज बसले आहे, तेही तुमच्यामुळे नाही, तुमच्या टायपिंगच्या मशिनींमुळे.

आमच्या बँडची सातही रेकॉर्डिंग्ज एक कंपनी पुन्हा काढते आहे, सगळी एकत्र, एका जाड खोक्यात, काळ्या तबकड्यांवर. बँड म्हणजे तेच आम्ही तिघं. मी ड्रमवर, आणि तुमच्या क्लासच्या तिसऱ्या रांगेतले ते दोघं. खिडकीजवळचा, जो टायपिंगला दोनदा नापास झाला, तो गिटार वाजवतो आणि गातो. त्याच्या शेजारचा, ज्याची एकही चूक तुम्हाला कधी सापडली नाही, तो बेस वाजवतो. एक कारखान्यात चिकटला, एक सरकारी कचेरीत, आणि तेहेतीस वर्षं आम्ही तिघंच आहोत. कीबोर्डवाला घ्या, दुसरी गिटार घ्या, गायला एखादा देखणा मुलगा घ्या, असं सांगणारे पुष्कळ भेटले. घेतला नाही. आमचा एकच नियम आहे. तिघंही हो म्हणाले तर गोष्ट होते, एकजण जरी नाही म्हणाला तरी होत नाही. दोन विरुद्ध एक हा हिशेब आमच्यात चालत नाही. या नियमामुळे आम्ही टिकलो आणि याच नियमामुळे आत्ता अडलो आहोत, कारण नाही म्हणणारी मी आहे.

कात्रजच्या पुढे एका इमारतीच्या तळघरात स्टुडिओ आहे. तिथला रेकॉर्डिस्ट तरुण आहे, कानाचा पक्का, आमचं पहिलं रेकॉर्डिंग जुन्या टेपवरून साफ करतो आहे. मागच्या मंगळवारी त्याने आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाला, "मॅम, पूर्ण अल्बमभर मागे एक टिंग टिंग येतंय. बारीक आहे, बट एकदा लक्षात आलं की सतत ऐकू येतं. सॉफ्टवेअरला एकदा दाखवलं की ते स्वतःच उचलून काढतं. एकदम क्लीन होईल." काढून ऐकवलंही. खरंच गेलं होतं. बेसवाल्याने मान डोलावली. गिटारवाला डोळे मिटून खुर्चीत पुढे सरकला आणि स्वतःचा तरुणपणीचा आवाज पहिल्यांदा मोकळा ऐकत राहिला. मी म्हटलं, "नाही. परत घाल."

"अगं, असा आवाज मला परत कधी लागला नाही," गिटारवाला म्हणाला. "तेहेतीस वर्षं त्याच्यावर तुझ्या वडिलांच्या मशिनी बसल्या आहेत. आता तरी उठव त्यांना."

त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच मला राग आला. मी कारणं दिली. तो त्या जागेचा आवाज आहे म्हटलं. ऐकणाऱ्यांना तो पाठ आहे म्हटलं. धुऊन पुसून ठेवलेला आवाज काय, कुणाचाही असतो म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ही भाषणं तू मुलाखतीत दे. मला खरं कारण सांग. पटलं तर राहू दे घंट्या, मी एक शब्द बोलणार नाही." उद्या अकरा वाजता परत जायचं आहे. तो घंट्या ठेवायला तयार झाला नाही आणि मीही त्या काढायला तयार झाले नाही, तर खोकं निघणार नाही, आणि या वयात एकदा तुटलं की आम्ही तिघं पुन्हा एकत्र बसू असं मला वाटत नाही. म्हणून सकाळपासून खरं कारण शोधते आहे, आणि दर वेळी समोर तुम्ही येऊन बसता.

स्वारगेटजवळचा तो हॉल. पहिला मजला, लाकडी जमीन, सहा-सहा टेबलांच्या तीन रांगा. मी दहा वर्षांची आहे आणि तुम्ही मला शेवटच्या मशीनवर बसवलं आहे. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे आहात, हातातल्या लाकडी पट्टीने टेबलाच्या कडेवर ठेका धरला आहे, अठरा जण बडवताहेत, आणि तुम्ही न वळता म्हणता, "दुसरी रांग, चौथी. करंगळी मऊ पडते आहे." करंगळीचं अक्षर आणि तर्जनीचं अक्षर सारखंच काळं उमटलं पाहिजे, आधी वजन सारखं करा, वेगाचं मग बघू, हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलं असेल! लोक विचारतात, ड्रम कुठे शिकलात. मी सांगते, टायपिंगच्या क्लासमध्ये. हसतात. हसू देत. ओळ संपत आली की मशीनची छोटी घंटी वाजायची आणि हाताने कागदासकट कॅरेज परत ढकलायचा. अठरा मशिनी म्हणजे दिवसभर टिंग टिंग. कुकरच्या शिट्टीसारखी ती इतकी सवयीची झाली होती की मला ऐकूही यायची नाही.

दुपारी दोन ते चार हॉल रिकामा असायचा, तो तुम्ही आम्हाला तालमीला दिलात, हे मान्य. टेबलं हलवायची नाहीत, मशीनवर कोपर टेकायचं नाही, चारला जिन्यावर मुली दिसल्या की बंद. खडकवासल्याकडून बसने येणारी एक मुलगी रोज लवकर यायची आणि दारात कानात बोटं घालून हसत उभी राहायची. एकदा तुम्हाला म्हणाली, "सर, ह्यांचा आवाज पार खाली रसाच्या दुकानात येतोय. गिलास हलत्यात तिथं." तुम्ही म्हणालात, "मग तूही तिथेच बसत जा. निदान बोटं तरी हलतील."

माझ्या मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेच्या दिवशीच एका कॉलेजच्या मैदानावर आमचा कार्यक्रम होता. मी परीक्षेला गेले नाही. तुमच्याच क्लासची, तुमचीच मुलगी, गैरहजर. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बॅचसमोर तुम्ही हजेरीचं पुस्तक उघडलंत, माझ्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारलीत आणि म्हणालात, "यांना शिकवण्यासारखं आता आपल्याकडे काही उरलेलं नाही." यांना! मला अहोजाहो केलंत. सगळी बॅच हसली आणि मी दारात चपला घालून उभी. दुपारचा हॉल मात्र काढून घेतला नाहीत. ते 'यांना' मला लागलं, अजून लागतं. पण एक ऐका, पश्चात्ताप नाही. त्या मैदानावर मी दीड तासात एकदाही चुकले नाही, आणि ती परीक्षा उद्या पुन्हा ठेवली तरी मी बसणार नाही.

पहिलं रेकॉर्डिंग केलं ते पुढच्या मे महिन्यात. क्लासला आठ दिवस सुट्टी आहे. ऑर्केस्ट्रावाल्या एका गृहस्थाकडून रेकॉर्डिंगचं यंत्र मागून आणलं आहे. खिडक्यांवर गोधड्या टांगल्या आहेत, आवाज येतो म्हणून पंखे बंद, आणि गिटारवाल्याच्या कोपरावरून घाम टपकतो आहे. आम्ही पंख्याचा विचार केला, रस्त्यावरच्या बसचा केला, खालच्या चरकाच्या घुंगरांचा केला. मशिनींचा केलाच नाही. मी मोठ्या ड्रमवर पाय मारला की जमीन हलायची, जमिनीबरोबर टेबलं, आणि टेबलांवर अठरा घंट्या आपापल्या जागी थरथरायच्या. सगळं संपवून ऐकायला बसलो तेव्हा कळलं. पुन्हा करायला दिवसही नव्हते आणि टेपही.

त्या संध्याकाळी तुम्ही वर आलात, खुर्ची ओढून बसलात, मान एका बाजूला कलती केलीत आणि पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत हलला नाहीत. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. तुम्ही चष्मा पुसलात. "चौथ्या मशीनची घंटी ढिली आहे," म्हणालात. "बाराव्याचीही."

"आणि गाणी?" मी विचारलं.

"गाण्यातलं मला कळत नाही. मोठी आहेत. आवाजाने."

ते दोघं पोट धरून हसले. मी हसले नाही. आणि दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तुम्ही, आम्हाला न सांगता, अठराही घंट्यांत चिमट्याने कापूस बसवून ठेवलात. सकाळी गेलो तर सगळ्या मशिनी मुक्या. तुमच्या परीने ती भेट होती, तेव्हाही कळलं होतं. दुसरं रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ आहे. मी ते कधी लावत नाही.

दोन वर्षांत हे खूळ उतरेल असं तुम्ही आईला सांगायचात. नाही उतरलं. आमची लग्नं झाली, माझं मोडलं, कारखान्याच्या पाळ्या आणि कचेरीच्या रजा जुळवत आम्ही बंगळूरला गेलो, शिलाँगला गेलो, एकदा तर सांगलीत पावसाने मांडव कोसळत असताना शेवटचं गाणं पुरं केलं. तिसऱ्या रेकॉर्डिंगपासून मराठीत गायला लागलो, तर इंग्रजीवाले म्हणाले हे रॉक नव्हे आणि मराठीवाले म्हणाले हे गाणं नव्हे. दोघांनाही ऐकवत राहिलो. बाई ड्रम बडवते म्हणून कितीतरी जण नुसते बघायला आले, ते बघून गेले आणि आम्ही वाजवत राहिलो. साठीकडे झुकलेल्या माणसांना हे शोभतं का, असं परवा सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलं. म्हटलं, शोभण्यासाठी वाजवतच नाही.

क्लास मात्र आटत गेला. सगळीकडे कॉम्प्युटर आले, तुम्ही घेतले नाहीत. "ज्याच्यावर चूक खोडता येते, त्याच्यावर शिकवायचं काय?" असं म्हणायचात. शेवटच्या बॅचला तीन मुली उरल्या होत्या. मग तुम्हाला झटका आला, डावं अंग गेलं, आणि हॉलला कुलूप लागलं. आमचं चौथं रेकॉर्डिंग त्याच हॉलमध्ये झालं. टेबलं नाहीत, मशिनी नाहीत, नुसती मोकळी लाकडी जमीन. ड्रमचा तसा आवाज मला आधी कधी मिळाला नव्हता, नंतरही मिळाला नाही. माइक कुठले होते, कुठे लावले होते, असं मला अजून विचारतात. मी सांगते, जागा चांगली होती.

जागा मोकळी कशी झाली, ते कुणाला सांगितलेलं नाही. त्या दोघांना म्हटलं होतं, अण्णाच म्हणाले विकून टाक. ते अजून तसंच समजतात. तुम्ही असं काहीही म्हणाला नव्हतात. तुम्ही घरी खाटेवर होता, हॉलचा जिना तुम्ही पुन्हा चढणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मला रेकॉर्डिंगला जागा हवी होती. एका शनिवारी सकाळी मी भंगारवाल्याला बोलावलं. अठरा मशिनी एका टेम्पोत मावल्या. उतरवताना त्यांतल्या काही वाजल्या, तो माणूस हसला आणि मीही हसले. एकसुद्धा ठेवली नाही. संध्याकाळी तुम्हाला पेज भरवत होते. तुमची जीभ जड झाली होती, शब्द नीट यायचे नाहीत, तरी तुम्ही विचारलंत, "मशिनींना तेल घातलंस का गं?" मी म्हटलं, घातलं. "सगळ्या?" मी म्हटलं, सगळ्या. त्यानंतर पाच महिने, तुम्ही जाईपर्यंत, दर शनिवारी तुम्ही तेच विचारत राहिलात. मी दर शनिवारी हो म्हणत राहिले, आणि तुम्ही डोळे मिटून पडून राहायचात.

त्या मशिनींचं आता त्या टिंग टिंगशिवाय काही राहिलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे. एकदा मी त्या घालवल्या. दुसऱ्यांदा घालवणार नाही, मग गिटारवाला चिडो, खोकं राहो नाहीतर जावो. उद्या त्याला हे सगळं सांगणार आहे, बेसवाल्यासमोर, काही न गाळता. तुम्हाला सांगता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर तुम्ही आणखी दहा वर्षं जगला असतात, तरी सांगितलं नसतं. दर शनिवारी हो म्हणत राहिले असते.