सहा थरांची काच

६ जानेवारी १९९७, बारामती
इंदापूरनगरी पोरकी करून अस्मादिक आज येथील महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे अध्यापक म्हणून विराजमान झाले. स्वागतार्थ गुळाचा चहा आला. वाद्ये नव्हती, ही त्रुटी क्षम्य. प्रयोगशाळा-सहायक जोतीराम हा कन्हेरीचा. घराणे पूर्वी मेंढरे राखणारे. मला नुसते ‘सर’, त्याला मात्र सारे आदराने ‘तात्या’ म्हणतात. नोंद घेतली.

८ जानेवारी
तात्याने स्वतः केलेली मेंढ्याच्या मेंदूच्या पातळ कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. प्रमस्तिष्काच्या बाह्यकाचे, म्हणजे मोठ्या मेंदूच्या सालीचे, सहाही थर स्पष्ट: पहिला जवळजवळ पेशीरहित, दुसऱ्या-तिसऱ्यात परस्परांशी संधान राखणाऱ्या लहान शंकुपेशी, चौथ्यात संवेदना स्वीकारणाऱ्या तारकापेशी, पाचव्यात स्नायूंना आज्ञा धाडणाऱ्या महाकाय शंकुपेशी. रजतरंजनाने, म्हणजे चांदीच्या क्षाराने रंगवल्यावर, शंभरांतली एखादीच पेशी काळी होते. त्याच्या काचेत ती कोरल्यासारखी. माझ्या अकरा काचांत निव्वळ चिखल. सातवी नापास गृहस्थास हे साधावे!

११ जानेवारी
सोमवारी विद्यापीठाची समिती. रोहिणी नामक विद्यार्थिनी वदली, “सर, तात्यांचीच काच मांडा की. तुमच्यात कायबी दिसत न्हाय.” त्या काचेच्या चिठ्ठीवर ‘सर्जेराव’ असे नाव. जोतीरामाने स्वतःस पदवी बहाल केलेली दिसते! ते खरवडून तेथे सुवाच्य अक्षरांत माझे नाव लिहिले.

१३ जानेवारी
समिती माझ्यावर प्रसन्न. तात्या मात्र चिठ्ठी पाहून पांढराफटक. “सर, काय केलंत ह्ये? करणाऱ्याचं नाव न्हाय लिवत आमी. ज्याचा मेंदू, त्याचं. सर्जेराव आमचा मेंढा हुता!” मी मनमुराद हसलो. सायंकाळी काचेत पाहिले. दुसरा थर कोरा.

१४ जानेवारी
तिसराही कोरा. चेहरे दिसतात, नावे जुळत नाहीत. तिळगूळ देणारी बाई ओळखीची वाटली. ती माझी पत्नी निघाली.

१५ जानेवारी
चौथा गेला. चहा कढत होता म्हणे. जिभेला फोड आला, कळले नाही. तात्या विनवतो, अजून वेळ आहे, मेंढ्याचे नाव परत लिहा. म्हणजे काच पुन्हा तात्याची — समितीचा अहवाल उद्या — नाही.

१६ जानेवारी
पाचव्यात एकच पेशी उरली — ती फिकी — चिठ्ठीवर नाव लिहायला घेतो — बोटे ऐकत नाहीत — तात्या म्हणतो, द्या, मी लिवतो — नको — त्याचे अक्षरही माझ्याहून — मीच — स — सर्