‘ण’पर्यंतची अक्षरं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुनमचं कपाट उघडलं. सुलक्षणा गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. तिनं पोरीला शिकवायला मांडलेल्या सगळ्या ट्रेंवर धूळ. तूर आणि मूग मिसळून ठेवलेली वाटी — निवडून वेगळं करायचं काम — तिच्यात किडे झालेले. फेकून दिली. बाकी सगळं पुसून जागच्या जागी लावलं.

पुनम दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, ये, खेळू या. तर म्हणते, “खेळ नाही. काम असतं ते.” हुबेहूब तिच्या आईसारखं. साडेचार वर्षांची पोर!

पण आत आली नाही.

१४ नोव्हेंबर

गणपतीत सुलक्षणाला ताप आला. डेंग्यू निघाला. नवरात्र बसायच्या आत ती नव्हती. याच्यापुढे काही लिहिता येत नाही. दोनदा पेन उचललं, ठेवून दिलं.

आई गावाहून, एरंडोलकडून, इथे मेहरूणला येऊन राहिली आहे. तिचे गुडघे गेलेत. स्वयंपाक करते, पुनमला भरवते, आणि मी पाळीवर गेलो की तिच्या हातात मोबाइल देते. मी काय बोलणार? मीच घरात नसतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. पाणी ओतायचा ट्रे काढला. काचेचा लहान जग, दोन पेले, पुसायला फडकं. प्लास्टिक नको, काचच हवी, असा सुलक्षणाचा हट्ट. फुटणारी वस्तू हातात दिली की पोरं जपून वागतात म्हणायची.

पुनम सतरंजीवर येऊन बसली. मांडी घालून, हात मांडीवर. मला इतकं बरं वाटलं! मी सुरू केलं — हे बघ, असा धरायचा, आता हळूच वाकवायचा, घाई नाही करायची... ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा आठवलं. सुलक्षणा दाखवताना एक शब्द बोलायची नाही. नुसते हात. मला हसून सांगायची, “तू बोललास की ती तोंडाकडे बघते. हात कधी बघणार?”

मी गप्प झालो. आणि त्या गप्प होण्यातच जग सुटला. फुटला.

पुनम रडली नाही, घाबरली नाही. कोपऱ्यातून तिचा छोटा झाडू आणला. मी नको नको म्हणत राहिलो. मग मला बाजूला बसवून तिनं लांबूनच काचा सुपलीत लोटल्या. ट्रे कपाटात ठेवला आणि दार लावून घेतलं. दुकान बंद करावं तसं.

२१ नोव्हेंबर

आई आज स्पष्टच बोलली. “पोरले शाळामा घाली दे. माय नही, बाप कारखानामा. तिले कोन शिकाडी? हाई बठ्ठं सुलक्षणानं व्हतं, तिनासंगे गयं.”

सगळंच सुलक्षणाबरोबर गेलं, हे ती रागानं नाही म्हणाली. थकून म्हणाली.

लग्नाआधी सुलक्षणा एका बालवाडीत होती. पुण्याला जाऊन तिनं मॉन्टेसरीचा कोर्स केला होता. तरी बालवाडीत चार वर्षांच्या पोरांच्या हातात पेन्सिल देऊन ओळीच्या ओळी काढून घ्याव्या लागायच्या. बोटं दुखतात म्हणून एक पोरगी रोज रडायची, ते सांगताना ही पण रडायची. पुनम झाली तेव्हाच तिनं मला सांगितलं होतं — सहा वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे राहू दे, मग तुला वाटेल त्या शाळेत घाल. मी हो म्हटलं होतं. कंपनीतले वाया गेलेले पाइपचे तुकडे आणून, कापून, घासून तिला लहानापासून मोठ्यापर्यंत नळकांडी करून दिली होती. बटणांची चौकट, वासाच्या बाटल्या, कापडाच्या पट्ट्या — बाकी सगळं तिनं दुपारी बसून केलं.

शब्द दिलाय. पण शब्द देणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सुलक्षणाच्या हातची खरखरीत अक्षरं ‘ण’पर्यंतच झाली आहेत. पुठ्ठ्यावर पॉलिश पेपर कापून चिकटवलेली. बोट फिरवलं की अक्षर बोटात बसतं. पुढची राहिली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती ‘ण’ कापत बसली होती, अंगात ताप असताना.

मी पॉलिश पेपर आणला. सकाळभर खपून त, थ, द केले. पाइपला अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर मला नुसत्या हातानं कळतो. पण ‘त’ची गाठ काही जमेना. शेवटी बरा झाला.

पुनमला दिला. तिनं डोळे मिटले, दोन बोटं फिरवली, मधेच थांबली.

“हे आईचं नाही.”

नाही गं, बाबांनी केलंय, म्हटलं.

तिनं पुठ्ठा मला परत दिला. नीट, दोन्ही हातांनी. फेकला असता तर बरं वाटलं असतं.

२५ नोव्हेंबर

कंपनीत लक्ष लागलं नाही.

३० नोव्हेंबर

धुळ्याहून प्रेमराज आला होता. सुलक्षणाचा मोठा भाऊ. चांगला माणूस आहे, तिच्या आजारपणात एक दिवस हलला नाही. जेवण झाल्यावर बोलला. पुनमला आमच्याकडे द्या. माझी दोन मुलं आहेत, त्यात तिसरी. बायको ज्योत्स्ना घरीच असते. गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे, ओळखीची आहे, मधेच बसवून घेतील.

मी सुलक्षणाला दिलेल्या शब्दाचं सांगितलं. तो म्हणाला, “दाजी, ती माझी बहीण होती. ती असती तर मीही म्हटलं असतं, घरीच शिकव. पण ती नाहीये.”

आईनं मान हलवली. दोघांनी आधी फोनवर बोलून घेतलेलं असावं. मी विचार करतो म्हटलं.

४ डिसेंबर

अभिमन साहेबांना भेटलो, आमचे सुपरवायझर. फक्त सकाळची पाळी द्या, म्हणजे दुपारनंतर पोरीजवळ राहता येईल. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. तेव्हाच समजलं, जमणार नाही. एकाला दिली तर सगळे मागतील. खोटं बोलले नाहीत.

पुनम हल्ली कपाटाकडे जातच नाही. मोबाइल बघते. त्यात एक बाई इंग्रजीत फळांची नावं सांगते. पुनम तिच्याबरोबर म्हणत नाही, हसत नाही, नुसती बघते. मी दुपारच्या पाळीहून येतो तेव्हा झोपलेली असते.

९ डिसेंबर



दुपारी आईचा डोळा लागला. पुनमनं स्टूल ठेवून कडी काढली, चप्पल घातली आणि निघाली. एकटी! मेहरूण तलावाच्या रस्त्यानं. डंपर जातात त्या रस्त्यानं. धनसिंग रिक्षावाला आमच्याच गल्लीतला, त्यानं ओळखून घरी आणलं म्हणून. पाण्याच्या अगदी कडेला बसली होती म्हणाला. दगड वेचत होती, लहान-मोठे लावून ठेवत होती.

मला कंपनीत फोन आला. घरी आलो तर आई भिंतीला डोकं टेकून बसलेली. तिला काय बोलू? माझी सत्तरीची आई.

पुनमला जवळ घेऊन विचारलं, का गेलीस बाळा? म्हणाली, आई तिथं न्यायची. रोज न्यायची. दगड आणायला.

मला हे माहीतच नव्हतं. त्या दोघीजणी माझ्या पाळीच्या वेळात कुठं कुठं जायच्या, काय काय करायच्या — मला काही काही माहीत नाही.

१० डिसेंबर

प्रेमराजला फोन केला. घेऊन येतो म्हटलं.

१४ डिसेंबर

तिचे कपडे भरले. अक्षरं, पाइपची नळकांडी, बटणांची चौकट एका खोक्यात घातली. प्रेमराजनं फोनवर नको सांगितलं. घर लहान आहे, मुलं उचलून हरवतील, शाळेत सगळं असतं. बरोबरच आहे त्याचं. खोका पुन्हा रिकामा केला.

आई पुनमच्या डोक्याला तेल लावत होती. लावता लावता रडत होती.

१५ डिसेंबर, रविवार

एस.टी.नं धुळ्याला. पुनम खिडकीशी. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तिला केळी घेतली. सोलून द्यायला लागलो तर हात मागे ओढला आणि स्वतः सोलली. साल रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

ज्योत्स्नानं दारातच उचलून घेतलं. भाकरी, वांग्याची भाजी. मुलांनी तिला आपली खेळणी दाखवली. मी निघालो तेव्हा ती रडेल, पाय धरेल, असं वाटलं होतं. मन घट्ट करून ठेवलं होतं.

रडली नाही. दारात उभी राहून हात हलवला. पाहुण्याला हलवतात तसा.

१६ डिसेंबर

घरात आवाज नाही.

१९ डिसेंबर

आई गावी गेली. आता इथं मन्हं काय काम शे, म्हणाली. एस.टी. स्टँडवर सोडून थेट पाळीवर गेलो.

२७ डिसेंबर

प्रेमराज रोज फोटो पाठवतो. पुनम गणवेशात. पुनम बाकावर. आज एका पानाचा फोटो आला — पानभर एकच अक्षर, सगळी सारखी. बाईंनी छान असा शेरा दिलाय. ते पान मला फार वेळ बघवलं नाही.

फोनवर विचारलं, शाळा आवडते का. हो म्हणाली. जेवलीस का. हो. बाबांची आठवण येते का. हो. कशालाही हो.

५ जानेवारी, रविवार

ज्यादा काम लागलं म्हणून जाता आलं नाही. खरं सांगायचं तर गेलो नाही. रुळली आहे म्हणतात. मी गेलो की पुन्हा विस्कटेल, म्हणून नकोच. सुलक्षणाला काय तोंड दाखवायचं ते नंतर बघू.

मी बाप म्हणून संपलोय असं वाटतं. जेवण बाहेरच करतो.

१४ जानेवारी, संक्रांत

ज्योत्स्नानं फोन करून बोलावलं — सण आहे, या. न जाणं बरं दिसेना. गेलो.

पुनमनं तीळगूळ दिला. वाकून नमस्कार केला. कोणीतरी शिकवलेलं. केस कापलेत, आधी लांब होते. तिच्या मामेभावांच्या मागे मागे फिरत होती, पण बोलत नव्हती. बाई पण हेच सांगतात म्हणे, की हुशार आहे पण तोंड उघडत नाही. प्रेमराज म्हणाला, होईल हळूहळू. मीही म्हटलं, होईल.

निघायच्या वेळी प्रेमराज गाडीचं बघायला बाहेर गेला. ज्योत्स्ना स्वयंपाकघराच्या दारात थांबली. पदराशी चाळा करत होती.

“भाऊ, तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ती रोज संध्याकाळी चप्पल घालून बाहेरच्या पायरीवर बसते. पिशवी भरून घेते आपली आपण. अंधार पडला की आत येते, चप्पल जागेवर ठेवते, जेवते. एक दिवस चुकला नाही.”

मी विचारलं, काही म्हणते का?

“मी विचारलं होतं. म्हणाली, बाबांची पाळी सुटली की येतील.”

मी जाऊन त्या पायरीवर बसलो. ज्योत्स्ना पाणी घेऊन आली, तिचेही डोळे भरलेले. ती म्हणाली की आम्ही तिला काही कमी करत नाही. मला ठाऊक आहे. कोणी काही कमी केलेलं नाही.

पुनमला घट्ट धरलं आणि तरीही सोडून आलो. दुसऱ्या दिवशी पाळी होती.

१७ जानेवारी

रोज पाळी सुटायचा भोंगा होतो आणि माझे पाय तिथेच थांबतात.

२० जानेवारी, सोमवार

राजीनामा दिला. अभिमन साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा हो म्हटलं. धुळ्यात प्रेमराजच्या गल्लीत एक खोली मिळाली आहे. काम अजून मिळालेलं नाही. आईलाही कळवलं — तू पण ये. शाळेचं, शिकवण्याचं काय करायचं ते मला आजही कळत नाही.

पुनमला फोनवर सांगितलं नाही. दुपारच्या गाडीनं निघतो आहे. दिवस मावळायच्या आत पोचलं पाहिजे — ती पायरीवर असेल.